ऐकणाऱ्या खांबाचे पेटंट

६ जानेवारी १९६३
लहानपणी आजोळी तारकर्लीला गेलो की रामा तांडेल मला आणि माझ्या भावाला, बाळाला, होडीत घ्यायचा. वल्हे पाण्यात उभे धरून दांड्याला कान लावायला सांगायचा. खाली ढोमे मासे कुरकुरत असायचे. मी दोन मिनिटांत कंटाळे. बाळा हलत नसे. रामा मला दटावायचा, "मासो बोलता गो बाय, गप रव."

तोच बाळा, आता साठीला टेकलेला. तीस वर्षे बोटींच्या इंजिनखोलीत काढली. आता पाणबुडी ऐकणारा खांब काढला आहे. सागाचा खांब, तळाशी पत्र्याचा पडदा, वर तार. शत्रू जवळ आला की किनाऱ्यावर आपोआप दिवा लागणार. पेटंटचा अर्ज डिसेंबरात गेला, नक्कल दिल्लीच्या एका खात्याला. अजून उत्तर नाही.

२ मार्च
दिल्लीचे पत्र. 'सदर कल्पना विज्ञानकथेतील असल्याने विचारार्थ घेता येत नाही.' जवळजवळ तीन महिने लागले ह्या एका ओळीला.

कथेचे बाळानेच अर्जात लिहिले होते. आधी गोष्ट सुचली, मग यंत्र. खरे ते लिहिले. गोष्ट त्याच्या वहीत होती. ती सुवाच्य अक्षरात उतरवून दिवाळी अंकाला पाठवली मी. त्याला न विचारता. छापील नाव बघून चकित होईल म्हणून. अंक हातात पडल्यावर महिन्याभरात त्याने अर्ज केला.

१९ एप्रिल
पेटंटवाल्यांचे उत्तर. यंत्राचे संपूर्ण वर्णन अर्जदाराच्याच छापील कथेत अगोदर आले आहे, सबब शोध नवा नाही.

दिल्ली म्हणते ही नुसती गोष्ट. हे म्हणतात गोष्टीत सगळे यंत्र आहे. दोघांनी एकदा एकत्र बसून ठरवावे. मी पत्र टेबलावर आपटले. बाळा मात्र हसला, "म्हणजे गोष्ट बरी होती मगे."

नंतर दिवसभर पडवीत पाठ करून बसला.

३ मे
कणकवलीला वकिलांकडे. बाळा बरोबर.
"एक वाट आहे, माई. कथा ह्यांच्या संमतीशिवाय छापली गेली आणि कळताच ह्यांनी अर्ज केला, असे दाखवता आले तर हरकत उठू शकते. कोणी पाठवली?"
"मी."
"विचारून?"
"नाही."
"मग तसे प्रतिज्ञेवर लिहून द्या."
बाळा उठलाच. "माझ्या भैणीक चोर म्हणान कागद करुचो? माका नको तां पेटंट."
एस.टी.त वेगळ्या बाकावर जाऊन बसला.

४ मे
चोर म्हटल्याचा राग नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकवले होते, कोणी विचारायच्या आत कबूल करावे. राग ह्याचा की ज्यांनी त्याची एक आकृतीही नीट पाहिली नाही, त्यांच्यापुढे हे कबूल करायचे.

आणि एक. अंक आला तेव्हा तीन रात्री बाळा तो उशाखाली घेऊन झोपला होता. हे लिहायचे का? वकील म्हणतात, विचारले तेवढेच लिहा.

२० मे
बाळा देवगडला गेला आहे, आंब्याच्या कामाला. मी एकटी प्रतिज्ञापत्र करायला कचेरीत. कारकुनाने मोठ्याने वाचले, 'भावाच्या संमतीविना'. बाकावरची दोन माणसे वळून बघू लागली. बघू देत. सही केली. उशाखालचे लिहिले नाही.

२२ मे
पेटंटवाल्यांना उत्तर द्यायची मुदत अठ्ठावीसला संपते. म्हणून लिहून ठेवते.
प्रतिज्ञापत्र वकिलांना, रजिस्टरने. उद्याच.
नक्कल कुसुमला. बाळाची लेक ती. आत्याने काय लिहून दिले ते दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.
आकृत्यांची वही बाळाच्या हातात, टपालाने नव्हे.
दिल्लीचे पत्र कोणालाच नाही. त्याला उत्तर लिहायचे आहे मला, इंग्रजीत, आणि चांगले लांब.
बाळाला कोणी काही सांगायचे नाही. तो आला की मीच सांगेन, जेवण झाल्यावर. आधी सांगितले तर जेवणार नाही.