गाळलेलं तेल

सातारा,
२८ सप्टेंबर २०२४

ती. अक्का,
सुकुमारचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गाडी गिअर बदलताना ढुशी मारते, गॅरेजवाला गिअरबॉक्सच उघडायला हवा म्हणतो, आणि चि. श्रेयसने पुण्यातून फर्मान काढलंय की दिवाळीला येऊन गाडी विकणार, आईने या वयात रिक्षाने फिरावं. मातेने पुत्राची आज्ञा पाळावी असं कुठल्याही शास्त्रात नाही. मी नीट पाहिलंय.

पंचावन्न वर्षं तू कुणी नेतंय का म्हणून दारात उभी राहिलीस. दाजींची नजर अधू झाली, ही ऑटोमॅटिक आली, तेव्हा कुठे एकटी पलूसच्या द्राक्षबागेत जाऊ लागलीस. ही गाडी अशी सहज जाऊ द्यायची नाही.

माझ्या गाडीलाही हेच झालं होतं. आधी गिअरबॉक्सचं तेल बदलून पाहा. गाडी रॅम्पवर चढव; नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नकोस. जेवढं तेल निघेल तेवढंच मोजून नवं घाल. मग इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, पी, आर, एन, डी असे गिअर विभक्त्या म्हणाव्यात तसे क्रमाने, सावकाश फिरव. एका वेळी जुनं तेल निम्मंच निघतं, म्हणून नव्यासारखं लाल तेल दिसेपर्यंत हेच पुन्हा कर. दाजींना बॅटरी धरायला दे. सल्ला द्यायला देऊ नकोस.

लोभ आहेच, तो वाढवावा. तेल मात्र डिपस्टिकच्या खुणेपर्यंतच.
तुझा,
सुकुमार


सांगली,
६ ऑक्टोबर

चि. सुकुमार यास अ. उ. आ.

काम झालं! गाडीखाली मुंग्यांची रांग होती, ती आधी मऊ कुंचल्याने बाजूला केली. त्यात सकाळ गेली. हे म्हणाले, मुंग्यांना आठवडाभर आधी नोटीस द्यायला हवी होती.

जुनं तेल चहाच्या चोथ्यासारखं काळं, वास जळका. मातीत ओतलं नाही. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला नेऊन दिलं. कुणी बदललं असं त्याने विचारलं. मीच, म्हटल्यावर त्याने यांच्याकडे पाहिलं आणि यांनी आभाळाकडे. शेवटच्या खेपेला लाल तेल निघालं तेव्हा लय बरं वाटलं बघ.

तू एक लिहायला विसरलास, पण मी चुकले नाही. नवं तेल दरवेळी सुती कापडाची दुहेरी घडी घालून गाळूनच घातलं. आपल्या घरात न गाळलेलं पाणी कुणाच्या पोटात जात नाही, मग गाडीने काय पाप केलंय?

ढुशी कमी झाली. डी टाकल्यावर मात्र गाडी क्षणभर विचार करते, मग निघते. नवं तेल मुरायला वेळ लागत असेल.

माझ्या भावजयीला, दीपालीला सांग, द्राक्षं यंदा वेळेत येतील. माया आहेच, राहू दे.
अक्का


सातारा,
१० ऑक्टोबर

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताच फोनवर ओरडलो, त्याची क्षमा असावी. दीपाली म्हणते, शेजारच्या सुभेदारसाहेबांनाही कवायतीची आठवण झाली.

आता शांतपणे लिहितो. पाणी गाळतात ते जीव वाचावेत म्हणून. सीलबंद डब्यातल्या तेलात जीव नसतात. कापडाचे तंतू मात्र त्यात उतरतात आणि आतल्या बारीक वाटा तुंबवतात. गाडी विचार करते ती त्यामुळे. तेल गाळू नये असं आधीच बजावणं कुठल्या भाष्यकाराला सुचलं असतं?

गाडी हलवू नकोस. खालचं पॅन उघड, आतली जाळी बदल, जोडातून गळू नये म्हणून नवं गॅस्केट लाव आणि पुन्हा तेल भर, डब्यातून थेट. दिवाळीला अवकाश आहे; धीर सोडू नकोस.

रागावली असशील तर पत्र मोठं लिही.
सुकुमार


सांगली,
६ नोव्हेंबर

चि. सुकुमार यास अ. उ. आ.

भाऊबीजेला यंदा मीच सासरहून भावाकडे आले, तर तू दारातच विचारलंस की श्रेयसच्या गालावर सीटबेल्टचा वळ कसा. त्याच्यासमोर सांगता येईना.

जाळीतून निघालेल्या तंतूंची यांच्या मते समईपुरती वात झाली असती. मी जाळीच बदलली, तेल थेट ओतलं. श्रेयस आला तो गाडीचं गिऱ्हाईक ठरवूनच. मी अट घातली की साताऱ्यापर्यंत शेजारी बस. एक जरी ढुशी बसली तर किल्ली तुझी.

आष्ट्यापर्यंत तो खिडकीवरचं हँडल धरून होता. प्रत्येक वळणाला नसलेला ब्रेक दाबत होता. पेठ नाक्याला त्याने हँडल सोडलं. पुढे हायवेला पाहते तर मान कलंडलेली, तोंड उघडं, झोळीत निजायचा अगदी तसा! कऱ्हाड आलं, गेलं. मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. तुझ्या अंगणात जाग आली तेव्हा आधी विचारलं की कऱ्हाड आलं का.

परत सांगलीलाही मीच चालवत आले. काल सकाळी गिऱ्हाईकाचा फोन आला, तो श्रेयसनेच घेतला. गाडी आईची आहे, आई विकत नाही, असं सांगून चहा पीत बसला. मी ओट्यापाशी पाणी गाळत होते, मान वर केली नाही.

उद्या बागेत जायचंय. एकटी जाते.

तुम्हा दोघांना आशीर्वाद, डब्यातून थेट.
अक्का