पाहुण्या बंदुकीबद्दल माझं प्रामाणिक मत

२७ ऑक्टोबर, हाउकिवारा

सकाळी उणे नऊ. लाकडं फोडली, कुत्रीला खायला घातलं, बंदूक पुसली. दुपारी पोस्टाची गाडी येऊन गेली, माझं काही नव्हतं. आता लिहायला बसलो आहे.

सायमी वहिनी यांस तौनोचा नमस्कार. लिफ्टच्या घरात राहायला गेल्यापासून तुमच्या गुडघ्याची कुरकुर कमी झाली असेल अशी आशा आहे. इकडे माझी पाठ ठीक, तुमच्या घराचं छप्पर ठीक (परवा चढून पाहिलं), आणि ओइवाची कुत्री हाल्ला, तीही ठीक. ओइवाच्या मानाने ती माझ्याकडे जरा जास्तच खाते, पण ओइवा तिला ओरडायचा आणि मला ओरडता येत नाही, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

तुमच्या जावयाने, म्हणजे यार्क्कोने, ओळखीच्या दुकानातून माझ्यासाठी नवी बंदूक पाठवली ती पोचली. सोबत त्याची चिठ्ठी होती: तौनोकाका, शिकारीला वापरून बघा आणि प्रामाणिक मत कळवा. पसंत पडली तर दुकान ओइवाची जुनी बंदूक बदल्यात घेईल आणि ही तुमची. तुम्हीही फोनवर म्हणालात की भाऊजी, ती जुनी तुमच्या कपाटात अडगळ कशाला, तुमच्या हाती तरी चांगली वस्तू येऊ दे. म्हणजे सगळं माझ्या मतावर आलं. मी सारा जन्म सरकारी जमीनमोजणीत काढला, कुणाच्या बाजूने वीतभरही दोरी सैल सोडली नाही. तेव्हा हे मत निःपक्षपाती आहे, असं समजूनच पुढे वाचावं.

कंपनी अगदी नवी आहे. माझा घरात घालायचा स्वेटर तिच्याहून वयाने मोठा असावा. नाव टूथपेस्टला शोभेल असं आहे, त्यामुळे इथे ते कुणी घेत नाही, सगळे हिला ‘पाहुणी’ म्हणतात. शिकार मंडळाच्या बैठकीत ती हातोहात फिरली. अध्यक्ष रेइयोने खांद्याला लावली, खाली घेतली, एक कप कॉफी संपवली, आणि मग म्हणाला, “बरीय.” (रेइयो स्वतःच्या लग्नातही एवढं बोलला नव्हता, तुम्ही होतातच.) कौकोने दस्त्यावर टिचकी मारली. दस्ता प्लास्टिकचा. “बायकोची बेरी गोळा करायची बादली याच्यापेक्षा जड आहे,” तो म्हणाला, आणि उरलेली सगळी बैठक गोळी भरायचा बोल्ट मागेपुढे करत बसला. हा बोल्ट ओल्या माशासारखा सरकतो. अजिबात आवाज नाही. हा मी पहिला दोष धरला. माणसाने बोल्ट ओढला तर त्याला ओढल्याचं कळायला नको का?

दुसरा दोष शिकारीच्या पहिल्याच सकाळी निघाला. आपल्याकडे बंदुका खोपटाबाहेर ओसरीवर थंडीतच राहतात, हे शेंबडं पोरही जाणतं. पण ही परक्याची वस्तू, वर दुकानाचा कागद लटकतोय, तिला बाहेर गारठ्यात कसं ठेवायचं असा मला संकोच वाटला. म्हणून कॉफीच्या वेळी तिला आत आणून शेगडीशेजारी उभी केली. स्वयंपाकाच्या इम्पीने तर तिच्यासाठी गोड पावाचं ताट बाजूला सरकवलं. ऊब लागताच पाहुणीला दरदरून घाम फुटला. तशीच तिला बाहेर नेली, आणि घामाचा बर्फ होऊन बोल्ट जो बसला तो बसला. कौकोने ओढून पाहिला. रेइयोने तिला कोटाच्या आत घेतलं आणि तान्ह्या पोराला खेळवावं तसा खोपटाभोवती फेऱ्या मारत राहिला. कुणी म्हणालं गरम कॉफी ओता, त्यावर दुधाची की बिनदुधाची असा वाद झाला. शेवटी सौना, आपली वाफेची न्हाणी, पेटवला. आम्ही तिघं म्हातारे पूर्ण कपड्यांत, बूट-टोप्यांसकट, खालच्या फळीवर एका ओळीत बसलो आणि रिकामी बंदूक आळीपाळीने मांडीवर घेतली. तेवढ्यात इम्पीने दार उघडलं.

“न्हाऊ घालताय की बारसं करताय?” तिने विचारलं.

“कुणी हसायचं नाही,” रेइयो म्हणाला, आणि पहिला तोच हसला. कौको फळीवरून घसरला. मलाही हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. (मार्चमध्ये ओइवा गेल्यानंतर मी असा हसलो नव्हतो. ते असो.) आता तुम्ही म्हणाल, अशाने कुठलीही बंदूक गोठली असती. ओइवाची कधी गोठली नाही. ती कधी आत आली नाही हेही खरं, पण मी फक्त घडलं ते सांगतो आहे.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. यंदा दलदलीच्या काठची ओइवाची जागा रिकामीच होती, तिचं कुणी नाव काढत नव्हतं. रेइयो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तिथे तू बस.” बसलो. हिच्या सेफ्टीच्या खटक्याला तीन खाचा आहेत. मी मधल्या खाचेचं प्रयोजन काय याचा विचार करत असताना समोर मूस येऊन उभा राहिला, पूर्ण वाढलेला, तुमच्या खाटेच्या छत्रीएवढी शिंगं. तिकिटाच्या यंत्रासमोर अडलेल्या म्हाताऱ्याकडे मागचे लोक बघतात तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मग कंटाळून निघून गेला. वॉकीटॉकीवर कौको लगेच हजर: “काय रे, ती गोळी पण बिनआवाजाची झाडते का?” मी म्हणालो, लहान होता, म्हणून सोडला. “लहान? माझ्यासमोरून गेला तेव्हा बराच वाढला होता.”

सारांश, बंदूक आमच्या हवामानाला, माझ्या वयाला आणि एकूणच या गावाला मानवणारी नाही. यार्क्कोचे आभार मानून परत करावी असं माझं मत आहे.

आपला,
तौनो

ता. क. पुढच्या शनिवारी मंडळाचं मूसच्या साराचं जेवण आहे. इम्पी म्हणते, तुम्ही आल्याशिवाय तिला मिठाचा अंदाज येत नाही. बसथांब्यावर मी गाडी घेऊन येईन.

ता. क. दोन. मोजणीवाल्याची सवय सुटत नाही, म्हणून हेही लिहितो. चांदमारीवर पाहुणीच्या चारही गोळ्या बशीखाली झाकतील एवढ्या जागेत बसल्या. ओइवाच्या बंदुकीला माझ्या हातून परात लागते. सेफ्टीची मधली खाच कशासाठी ते पुस्तिकेत चित्र काढून दाखवलं आहे. इतकी चांगली बंदूक मी आजवर हातात धरलेली नाही.

ता. क. तीन. रोज रात्री मी नवीचा बोल्ट पुसतो, हाल्ला शेगडीपाशी झोपलेली असते, तिचा कानही हलत नाही. गेल्या रविवारी तेल द्यायला म्हणून जुनी काढली आणि बोल्ट ओढला. त्याचा तो खडखडाट तुम्हाला माहीत आहे. हाल्ला ताडकन उठली आणि जाऊन दारापाशी उभी राहिली. शेपूट हलवत माझ्याकडे बघायची, मग दाराकडे. मी दार उघडून दाखवलं, तरी ती बराच वेळ उंबऱ्यावरून हलली नाही. तो आवाज ओळखणारे आता ती, मी आणि तुम्ही. दुकानात तो कुणाला ओळखू येणार नाही. तर वहिनी, जुनी देऊ नका. मी ती चालवणार नाही, बोल्टही ओढणार नाही, नुसती कपाटात राहू द्या. यार्क्कोला वरची तीन कारणं सांगा, त्याला तेवढी पुरतील.

कॉफी गार झाली आहे. भांडं विसळून पालथं घालतो.