चौदा नंबरच्या खाटेचा श्वास

प्रिय कहकशा,

तुझा फोन बंद आहे आणि तो का बंद आहे हेही मला माहीत आहे, म्हणून हे पत्र. मिथुन उद्या सकाळच्या गाडीने परतूरला येईल आणि ते तुझ्याच हातात देईल. तिच्या अब्बांकडे, पाशाचाचांकडे देऊ नकोस, असं माझ्या या धांदरट भावाला चारदा बजावलंय. आधी चांगली बातमी. आई जिवंत आहे. काल तिचा ऑक्सिजन काढला. आज तिने अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि वॉर्डातल्या चहाला नावं ठेवली. दुसरी बातमी तुला ठाऊकच आहे. सोमवारी कमिटी बसणार आहे आणि तुला नर्सिंगला ठेवायचं की घरी पाठवायचं हे त्या दिवशी ठरेल. माझ्यावर राग असेल, असावाच. पण पत्र पूर्ण वाच.

चार दिवस झाले, माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. मंगळवारी सकाळची वॉर्डातली ड्यूटी नऊला सोडून मी एमआयडीसीतल्या तपासणी शिबिराला गेले होते. दिवसभर कामगारांचं बीपी बघत होते. साडेसहाला मिथुनचा फोन आला. "दुपारी बाराला आईला घनसावंगीहून जीपने आणलंय, तुझ्याच वॉर्डात आहे, चौदा नंबरला," म्हणाला. अक्षताला सांगू नको, पोरीचं काम बुडंल, असं आईनेच त्याला माझ्याबद्दल सांगितलं होतं. मी पोचले तर आई उशीला टेकून बसलेली. मला बघून "आलीस व्हय" एवढे दोन शब्द बोलायला तिला मध्ये दम घ्यावा लागला. नाकपुड्या फुलत होत्या, गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. मी खाटेचा कागद उचलला. ताप एकशे तीन, नाडी एकशे अठरा, श्वास वीस. दुपारी दोनला वीस, संध्याकाळी सहाला वीस. अक्षर तुझं.

मी तिचं मनगट धरलं. नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची, कारण आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस तो बदलतो. हे मीच तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पूर्ण एक मिनिट मोजलं. बेचाळीस. वाटलं, घाबरल्यामुळे चुकले. पुन्हा मोजलं, चव्वेचाळीस. आपल्या पुस्तकात हा आकडा ज्या पानावर आहे त्या पानावर 'ताबडतोब डॉक्टरांना कळवा' असं लिहिलंय. डॉक्टर चार वाजता येऊन गेले होते. कागदावरचा वीस बघून साधा ताप दिसतोय, सकाळी बघू म्हणाले होते. आता एक्सरे काढला तर दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काही खरं नव्हतं, हे त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं.

तिथून निघाले आणि तुला शोधून काढलं. चाळीस खाटांसमोर मी तुला काय काय बोलले ते पुन्हा लिहवत नाही. तुझी आई असती तर मोजलं असतंस ना, असंही विचारलं. तू ट्रे हातात धरून उभी होतीस. एकदा सिस्टरांच्या टेबलाकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि "गलती हुई, ताई" एवढंच म्हणालीस. मी तिथेच बसून तुझ्याविरुद्ध अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी पाशाचाचा तुझी पेटी न्यायला होस्टेलवर आले. माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "बेटी, हमारी बच्ची से गुनाह हो गया, माफ कर." माझ्या बापाच्या वयाचा माणूस हात जोडून उभा होता आणि मी ते हात खाली घ्या म्हणाले नाही.

वीस हा आकडा तुला कुठून मिळाला, हे मला कोणीच विचारलं नाही. चाळीस खाटा, प्रत्येकीला एक मिनिट, एवढा वेळ कोणाकडे आहे. म्हणून ताप आणि नाडी बघायची आणि श्वास मनानेच वीस टाकायचा. आमच्या सीनियरांनी आम्हाला हेच शिकवलं आणि दुसऱ्या आठवड्यात मी तुला. चहा पीत, हसत शिकवलं. एवढं कबूल करायचं आणि तुझी माफी मागायची, असं काल ठरवलं होतं. तू मोजलं नाहीस ही तुझी चूक आहेच, ती मी पुसणार नाही.

पण आज दुपारी कमिटीसाठी तारीख-वेळ उतरवून घ्यायला मी वॉर्डाचं रजिस्टर उघडलं. तुम्ही ज्युनियर खाटेच्या कागदावर आकडे ज्याच्यावरून उतरवता ते, ज्यात नावं नसतात, नुसते खाटांचे नंबर असतात. मंगळवारचं पान. चौदा नंबरपुढे ताप आणि नाडी तुझ्या अक्षरात. श्वासाचे तिन्ही रकाने, सकाळ, दोन आणि सहा, पहिल्या खाटेपासून चाळिसावीपर्यंत, माझ्या अक्षरात. खाली माझी सही. शिबिराची गाडी चुकू नये म्हणून साडेआठलाच मी सगळ्या दिवसाचे श्वास भरून मोकळी झाले होते, रिकाम्या खाटांचेसुद्धा, आणि रोजच्या सवयीत ते माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं. चौदा नंबर तेव्हा रिकामा होता. माझी आई दवाखान्यात यायच्या साडेतीन तास आधी मी तिचा श्वास लिहून ठेवला होता. तू टेबलाकडे बघितलंस तेव्हा हेच रजिस्टर तिथे होतं. तुला सगळं माहीत होतं आणि तू माझं नाव घेतलं नाहीस. खोटं कशाला सांगू, ते पान फाडावं असं मला वाटलं, बांधणीचा दोराही सैल होता. मग रजिस्टर तसंच प्राचार्यांकडे नेऊन दिलं, अर्ज मागे घेतला आणि माझ्या नावाने सगळं लिहून दिलं. सोमवारी अकराला तू ये. ते मला ठेवोत नाहीतर काढोत, तुझी जागा माझ्यापायी जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र. संध्याकाळी आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "त्या पोरीला आधी घेऊन ये. तुझ्याशी मंग बोलते."

तुझीच,
अक्षता