मधली वर्षं कुठं होता

९ नोव्हेंबर १९५४, मंगळवार
इथल्या जिनातल्या नोकरीचा अर्ज आज गेला नाही. शेजारचे प्रभाकरराव मास्तर लिहायला बसले आणि एका ओळीवर अडले. ‘नत्थूजी, एकेचाळीसपर्यंत तुमी हिंगणघाटच्या जिनात कापसातली सरकी काढनाऱ्या रेच्याइले तेल घालत होते. मंग एकदम बावन्नात इथी लाकडं फोडाले. मधातली वर्षं कुठी होते, इचारतीन ना?’

खरं ते मास्तरांना ठाऊक आहे. आर्वीत त्यांनाच. बायकोला महारोग झाला, तिला गावाबाहेर काढलं, मी काम सोडून तिच्याजवळ राहिलो.

‘हे लिहान तं खोलीही जाईन,’ म्हणाले. ‘लिहा — बेचाळीसच्या चळवळीत जेलात होतो, सुटल्यावर देशकार्यात. गावातला तो रूपराव तवा सासुरवाडीत जिलब्या खात होता, आज सत्याग्रही म्हनून पुढच्या खुर्चीवर बसते.’

विचार करतो म्हटलं.

११ नोव्हेंबर
झोप नाही. घरमालकीण शोभाबाईनं विचारलं, ‘बाई बाहेर काऊन नाई येत?’ थंडीचं कारण सांगितलं. तिला कळलं असेल का? डॉक्टरांनी लिहून दिलं आहे — गोळ्यांनी रोग गेला, कुणाला लागायचा नाही. पण बोटं वाकडी राहिली. तो कागद काय बोटांना बांधू?

लाकडं फोडणं आता होत नाही. जिनातलं काम झेपेल. नाही मिळालं तर — ते लिहीत नाही.

१२ नोव्हेंबर
बायकोला, आनंदाबाईला, मास्तरांचं जेलाचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ‘म्हंजे मी जेल होती काय तुमची?’ हसत म्हणाली. हसत म्हणाली म्हणूनच लागलं.

नाल्याकाठच्या झोपडीत होतो आम्ही. मी गवत विकलं, तिच्या जखमा धुतल्या. भांडलो. चौसरीत तिनं मला दरवेळी हरवलं. ती वर्षं का लपवू?

मास्तरांना म्हटलं, खरं लिहा. ‘मंग मी हात नाई लावत.’ मीच लिहिला. शाळा चौथीपर्यंतच, पण ‘बायको’ लिहिता येतं.

१५ नोव्हेंबर
जिनात बोलावलं. मॅनेजर तरणे आहेत. अर्ज वाचला, टेबलावर ठेवला आणि बोटं धोतराला पुसली.

‘बाबा, इतकं खरं काऊन लिहिलं? आजारी होतो, असं लिहितेत लोक.’
‘आजारी ती होती, साहेब.’
‘सोडून काऊन नाई देल्लं? दुसरी करतेत.’
‘तुमची आजारी पडली तं तुमी कवा करान दुसरी?’

कारकुनांच्या लेखण्या थांबल्या. साहेब म्हणाले, ‘जा तुमी.’

बोललो ते बोललो. पुन्हा विचारलं तरी तेच.

१६ नोव्हेंबर
तसं बोलायला नको होतं का? नाही. हवं होतं.

१८ नोव्हेंबर
जिनातून बातमी शोभाबाईपर्यंत आली. अंगणातूनच म्हणाली, ‘नत्थूजी, खोली सोडा.’ नाही सोडत म्हटलं. डॉक्टरांचा कागद खळ लावून तिच्या दाराला चिकटवला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावा. आनंदाबाईला बाहेर ओट्यावर बसवलं. तीही बसली, पदर नीट घेऊन, हात न झाकता.



२० नोव्हेंबर
दिवेलागणीला मॅनेजर आले. एकटे. वाटलं, अर्ज परत करायला आले. आनंदाबाईनं पाट दिला, बसले. सदऱ्याची बाही वर केली. कोपराजवळ फिकट चट्टा. ‘इथं टोचलं तं समजत नाई, बाबा. घरी कोनाले सांगतलं नाई.’

आनंदाबाईनं तो आपल्या बोटांनी चाचपून पाहिला. म्हणाली, ‘उद्या सकाळीच दवाखान्यात जा. हे येतीन संगं. याइले कुठी नोकरी हाय?’