वॉर्डातली तुझी हिंदी

आई, तू गेलीस तेव्हा मी शिकत होते, त्यामुळे मी काय काम करते हे तुला माहीत नाही. मानेसरला गाड्यांच्या वायरिंगचा एक कारखाना आहे, तिथली एक लाईन माझ्याकडे आहे. हाताखाली बहुतेक मुलीच, आसपासच्या गावांतून कंपनीच्या बसने येणाऱ्या. मध्यंतरी आमच्याकडून गेलेला माल परत आला. एका मुलीने चुकीचे कनेक्टर लावले होते. प्लांट हेड थेट लाईनवर आले आणि सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात विचारू लागले, किसने किया. ती मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, पांढरी पडलेली. मी पुढे झाले आणि म्हणाले, "सर, लाइन मेरी है। जो कहना है, मुझसे कहिए।" ते म्हणायचं असं काही ठरवलं नव्हतं. बोलून झाल्यावर कळलं की वाक्य माझं नाही.

मी चौथीत असेन. शाळेला अचानक सुट्टी, बाबा दौऱ्यावर, शेजारच्या काकू गावाला. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये मला एकटीला ठेवायचं नाही म्हणून तू मला हॉस्पिटलात, तू हेड नर्स होतीस त्या वॉर्डात घेऊन गेलीस. वॉर्डाच्या कडेला चादरी ठेवायची खोली आहे, तिथे गठ्ठ्यावर मला बसवलंस आणि हलायचं नाही असं बजावलंस. दाराच्या फटीतून मला सगळं दिसतंय. तू टेबलाकडे न जाता आधी खाटांमधून फिरतेस, प्रत्येक नर्सपाशी क्षणभर थांबतेस, कोणाच्या मुलाचा ताप विचारतेस, कोणाला आज बसून करायचं काम देतेस. कोणी बोलायला आलं की हातातलं पेन खाली ठेवतेस. चालता चालता कोणालाही काही सांगत नाहीस. मग एकदम गडबड होते. केरळहून आलेल्या एका नव्या नर्सने एका पेशंटचं सलाईन दुसऱ्यालाच लावलेलं असतं. पेशंटला काही झालं नाही, वेळीच लक्षात आलं, पण मोठे डॉक्टर तिला पेशंटच्या नातेवाइकांसमोर वाटेल ते बोलू लागतात. तू मध्ये जाऊन उभी राहतेस आणि ते वाक्य म्हणतेस, लाइनच्या जागी वॉर्ड. आवाज चढवत नाहीस. डॉक्टर आणखी थोडं बोलतात, तुला उद्देशून, आणि निघून जातात.

नंतर तू तिला चादरींच्या खोलीत आणलंस आणि दार लावलंस. मी आत आहे हे तू विसरली असावीस. तिला पाणी दिलंस, सकाळी काही खाल्लं का विचारलंस. मग म्हणालीस, "अब शुरू से बताओ, क्या हुआ था।" ती रडत रडत सांगत होती आणि तू मध्ये एकदाही बोलली नाहीस. तिचं संपल्यावर मात्र गोड काही बोलली नाहीस. चूक तुझीच आहे, आणि रिपोर्टमध्ये मी तसं लिहिणार आहे, हे स्पष्ट सांगितलंस. तिने मान हलवली. मग तू म्हणालीस, "कल भी वही खाटें तुम्हीं देखोगी। मैं साथ खड़ी रहूँगी।" तुझी हिंदी काही फार चांगली नव्हती, लिंगांचा गोंधळ व्हायचा. पण ती तुझ्या मराठीपेक्षा मऊ होती. हे मला तेव्हाच जाणवलं होतं, फक्त सांगता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी आपण घरी आलो तेव्हा लक्षात आलं की माझा स्वेटर बसमध्ये राहिला. नवा होता. खाली अंगणात शेजारणी भाज्या निवडत बसल्या होत्या. तिथेच उभं राहून तू म्हणालीस, "एक वस्तू सांभाळता येत नाही हिला, डोकं कुठे असतं कोण जाणे." शेजारणी हसल्या, त्यातली एक म्हणाली, अरे यार, बच्ची है. मी तुझ्याकडे बघत राहिले. आता तू मला आत नेशील, दार लावशील, पाणी देशील आणि सुरुवातीपासून सांग म्हणशील, असं मला खरंच वाटत होतं. तू किल्ली काढलीस आणि कुकर लावायला गेलीस. तुझे पाय सुजलेले होते, हे मी आता लिहू शकते. तेव्हा मला फक्त तुझी पाठ दिसली.

तू गेल्यावर तुझ्या नर्सेस घरी आल्या, बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसल्या. एकीने सांगितलं की ड्यूटी लावायच्या आधी तू प्रत्येकीला विचारायचीस, ओणम कोणाचा, ईद कोणाची, छठ कोणाची, ख्रिसमस कोणाचा. ड्यूटीच्या तक्त्यात दिवाळीच्या रकान्यात तू आधी स्वतःचं नाव लिहायचीस आणि मग बाकीच्यांकडे वळायचीस. बाबा ऐकत होते. आम्ही दोघांनी कितीतरी दिवाळ्यांना तुझ्याशिवाय पणत्या लावल्या होत्या आणि आम्हाला वाटायचं, सरकारी हॉस्पिटल आहे, वरून ऑर्डर येत असेल. सगळ्यांना चहा मिळाला का, एवढंच बाबांनी मला विचारलं.

कारखान्यातलं सांगायचं राहिलं. त्या मुलीला मी स्टोअरमध्ये नेलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं. चूक तिची होती, तसं मी लिहिलं. पण एकसारखे दिसणारे दोन खोके शेजारी ठेवलेले होते, आणि तसे ठेवायला मीच परवानगी दिली होती, तेही लिहिलं. खोके हलवले. ती दुसऱ्या दिवसापासून त्याच जागेवर आहे आणि चांगलं काम करते. यंदाची बढती मला मिळाली नाही. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, थोडं वाटलं.

लोक विचारतात, तुम्ही माणसं कशी सांभाळता. मी सांगते, आईकडून शिकले. त्यांना वाटतं घरी शिकले. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी चादरींच्या गठ्ठ्यावर बसून मला तुझी मुलगी व्हायचं नव्हतं, तुझ्या वॉर्डात ड्यूटीला यायचं होतं. अजूनही कधीकधी तसंच वाटतं.