वेगळं बसवलेली

बाई, माझ्या हाताला अक्षर नाही हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, म्हणून मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. ती मध्ये मध्ये माझी भाषा नीट करायला बघते. मी तिला म्हटलं, बाईंनी माझी भाषा ऐकलेली आहे, त्यांना नवी दाखवू नकोस.

तुम्ही गेलात त्याला खूप वर्षं झाली. आम्ही आता बुवापाड्यात राहत नाही. मुलानं सोनिवलीत फ्लॅट घेतला, पाचवा मजला, लिफ्ट आहे आणि कधीकधी चालते. नात घरातच शिकवणी घेते. गणित-विज्ञानाची म्हणाल तर नाही, स्पॅनिशची. मला आधी वाटलं काही खाण्याचं असेल. मग ती म्हणाली, आजी, देश आहे, लांब, तिथली बोली. दर रविवारी दुपारी हॉलमध्ये तीन-चार माणसं बसतात. एक कंपनीतला इंजिनिअर, एक मुलगा जहाजावर स्वयंपाकाला जायचाय तो, आणि कॅम्प पाचमधली एक सिंधी भाभी, वय पंचावन्नच्या घरात, जिचं चेन-बटणांचं दुकान आहे. भाभीची मुलगी लग्न होऊन स्पेनच्या कुठल्याशा बेटावर गेली. तिथे सासरच्यांचं दुकान आहे. नातू झाला, आता चार वर्षांचा आहे, आणि तो तिथलीच भाषा बोलतो. फोनवर आजी दिसली की हात हलवतो आणि पळतो. दिवाळीत येणार आहेत सगळे. भाभीला तेवढ्यात त्याच्याशी बोलता यायला हवं आहे, बाकी काही नको.

मी सोफ्यावर मटार सोलत बसते आणि ऐकते. तुम्हाला माहीत आहे, मला नुसतं ऐकत बसता येत नाही.

त्या रविवारी धडा होता बाजारात भाजी मागायचा. नातीनं इंजिनिअरला छापील कागद दिला, गाळलेल्या जागा भरायला. जहाजवाल्याला भाजीवाला केलं, त्यानं ओरडून भाव सांगायचे. आणि भाभीला कागदच नाही. तिच्यापुढे परडी ठेवली, माझ्याच स्वयंपाकघरातली, तीत कांदा, टोमॅटो, लिंबू. उचलायचं आणि नाव घ्यायचं. भाभीनं कांदा उचलला आणि अगदी मोकळं म्हणाली, सेबोया. नातीचा चेहरा फुलला. तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, "भाभी, इन लोगों को कागज और तुमको कांदा? हमारी नात ने तुमको बालवाडी में डाला!"

सगळे हसले. भाभी पण हसली. पण तिनं कांदा परडीत ठेवला तो परत उचलला नाही. पुढच्या रविवारी ती आली नाही. नातीच्या फोनवर निरोप आला, मेरे बस का नहीं है, बेटा.

नात माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "आजी, तिला इंग्रजी अक्षरांची भीती वाटते. कागद दिला की ती घाबरून गप्प होते. कान तिचा माझ्यापेक्षा चांगला आहे. म्हणून तिला कागद नाही दिला. तिघांना एकच गोष्ट शिकवत होते मी, भाजी मागायला. ज्याला जसं जमेल तसं. कमी नव्हतं ते, तिचं होतं." मी म्हटलं, "मग तसं सांगायचं ना तिला." ती म्हणाली, "सांगणारच होते. तू मध्ये बोललीस."

बाई, माझ्या हातातली मटाराची शेंग तशीच राहिली. कारण मनानं मी बुवापाड्यातल्या समाजमंदिराच्या ओट्यावर जाऊन बसले होते.

तुम्ही शिकवायला येता, खांद्याला कापडी पिशवी, रविवारची दुपार, आम्ही दहा-बारा बायका. सोमवार ते शनिवार आम्ही कॅम्प पाचला जीन पँटच्या कारखान्यात जायचो. तिथला कायदा साधा होता. जिचा हात साफ ती मशीनवर. जिचा कच्चा ती खाली बसून धागे कापणार. आणि धाग्यातही जिची कैची चुकली, कापड कापलं गेलं, तिला दाराजवळ वेगळं बसवायचे आणि सेकंडचा, खोट निघालेला माल पुढ्यात टाकायचे. वेगळं बसवलं म्हणजे महिन्याभरात घरी. हे कुणी बोलायचं नाही, सगळ्यांना कळायचं. मी चार वर्षं एकदाही वेगळी बसले नव्हते, आणि त्याचा मला तुम्ही बघितलाय तेवढा ताठा होता.

तुम्ही सगळ्यांना पाट्या दिल्यात. एकीला बसचे आकडे ओळखता यायचे, तिला तुम्ही आकड्यांवरून पुढे नेलंत. एकीचा मुलगा पहिलीत होता, तिला त्याचंच पुस्तक आणायला सांगितलंत. माझ्या हातात पेन्सिल राहीना. कैचीनं अंगठा वाकडा झालेला, पेन्सिल धरली की घसरायची. तीन रविवार तुम्ही नुसतं बघितलंत, काही म्हणाला नाहीत. चौथ्या रविवारी पिशवीतून पुठ्ठे काढलेत. प्रत्येक पुठ्ठ्यावर जीनच्या तुकड्यातून कापलेलं एक अक्षर, कडेनं टाका घालून बसवलेलं. किती रात्री बसला असाल. मला जरा बाजूला, खांबाजवळ बोलावलंत आणि म्हणालात, "तुमची बोटं जीनवर चालतात, कागदावर चालत नाहीत. मग जीनवरच वाचा."

आज ही ओळ नात लिहिते आहे तर तिचं नाक लाल झालंय. मला तेव्हा त्यातलं काही ऐकू आलं नाही. मला दिसलं एवढंच की सगळ्यांना पाटी, मला चिंधी, आणि मी वेगळी बसले आहे. मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाई, शेठ चिंध्या फेकतो आणि तुम्ही वेचता, तुमचं दोघांचं भागीत दुकान आहे का?"

बायका पोट धरून हसल्या. हसवणं मला नेहमी जमलं. तुम्हीही हसलात, मग चष्मा पुसलात आणि म्हणालात, "झालं हसवून? आता या 'म'वर बोट ठेवा." एवढंच तुम्ही मला रागावलात. मी पुठ्ठे पालथे घातले आणि उठून घरी आले. पुढच्या आठवड्यात तुम्हाला चिंधीबाई हे नाव पडलं. आधी बायकांत, मग पोरांत. तुम्ही रिक्षातून उतरायचात आणि पोरं गल्लीच्या तोंडापासून ओरडत मागे यायची. ज्या बाईंच्या मागे पोरं ओरडत फिरतात त्यांच्याकडे शिकायला कोण जाणार? चार बायका राहिल्या, मग दोन. मग तुम्ही यायच्या बंद झालात. पुढे कधीतरी भाजी घेताना कुणी सांगितलं की त्या शिकवायला यायच्या ना, त्या वारल्या. मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "कोण, चिंधीबाई?" मेलेल्या माणसालाही मी तेवढं सोडलं नाही.

तर परवा मी नातीला म्हटलं, रिक्षा बोलाव, कॅम्प पाचला जायचंय. भाभी दुकानात गिऱ्हाइकाला चेन मोजून देत होती. मला बघून उठली, स्टूल पुसलं, पाणी आणलं. मी म्हटलं, "भाभी, मैं गलत बोली." ती म्हणाली, "नहीं अम्मा, आप सही बोली. मैं कमज़ोर हूँ, इसलिए अलग काम दिया." बाई, तिनं ते अलग असं म्हटलं ना, की मला दाराजवळचा सेकंडचा माल दिसला. आमच्या भागातल्या बायकांना त्या शब्दाचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही.

मग मी तिला तुमची सगळी गोष्ट सांगितली. माझ्या हिंदीत, तुम्ही असता तर कान झाकले असते. पुठ्ठे, टाके, 'म', खांब, चिंधीबाई हे नावसुद्धा. "आज मेरे को बस का बोर्ड भी पढ़ने नहीं आता, भाभी. बाई ने मेरे वास्ते बनाया था, मेरे हाथ के वास्ते. मेरे को लगा मेरे को कचरे में डाला." तिनं काउंटरवरची बटणं उगाच एका रंगाची दुसऱ्यात मिसळली, मग परत वेगळी केली. म्हणाली, "और वो नाम? टीचर को ऐसा नाम किसने दिया?" मी म्हटलं, "थी एक पड़ोसन. ज़बान की बहुत तेज़."

"कीड़े पड़ें उसकी ज़बान में," भाभी म्हणाली. मी मान हलवली.

रविवारी ती आली, बाई. तिची अट होती की मी सोफ्यावर बसायचं नाही, तिच्या शेजारी खाली बसायचं आणि माझ्यापुढेही परडी हवी. बसले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. नातीनं मला लिंबू दिलं, मी नाव घेतलं, चुकलं, भाभीनं सुधारलं. धडा संपल्यावर तिनं तिथूनच मुलीला फोन लावला आणि नातवापुढे टोमॅटो धरून म्हणाली, तोमाते. पोरगं पळालं नाही. थांबलं, आणि काहीतरी लांबलचक बोललं. भाभीला त्यातलं काही कळलं नाही, पण फोन ठेवल्यावर ती किती तरी वेळ तो टोमॅटो हातात घेऊन बसली होती.

मग चहा झाला. भाभीनं इंजिनिअरला आणि जहाजवाल्याला तुमची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा छान सांगितली. सांगता सांगता सारखी त्या शेजारणीवर यायची. कसली बाई असेल, म्हणायची, एका माणसानं एवढं करावं आणि दुसऱ्यानं असं? सगळे हळहळले. जहाजवाल्यानं मला विचारलं, "आजी, तुम्ही तिला काही बोलला नाहीत?" मी म्हटलं, "बोलून काय, ती कुणाचं ऐकायची नाही." आणि चहात बिस्किट बुडवलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, नातीच्या वहीत राहील, आणि मला वाचताही येणार नाही की तिनं खरंच काय लिहिलं. आत्ता तिचं पेन थांबलंय आणि ती माझ्याकडे बघते आहे, कारण कॅम्प पाचच्या दुकानात ती शेजारीच उभी होती आणि तिनंही माझं खरं मानलं होतं. लिही ग, मी म्हणते आहे, सांगते तसं लिही. शेजारीण कुणी नव्हती, बाई. ते नाव मी ठेवलं. पोरांना दारात बोलावून मीच शिकवलं. आणि येत्या रविवारी भाभी येईल, माझ्या बाजूला बसेल, तेव्हा मी तिला हे सांगेन असं अजून तरी मला वाटत नाही.