तरुण होत जाणारं निकेल

४ मार्च, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. निदान प्रसिद्ध होईपर्यंत.
पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायला प्लॅटिनमच हवं, हा जगाचा गैरसमज. माझी निकेलची काळी पूड निकेलच्याच जाळीवर लावली की झालं! स्वस्त आणि मस्त. गाइड मॅडमनी शेवटची मुदत दिलीय: महिनाअखेर पक्का निकाल दाखवा, नाहीतर पीएचडी गुंडाळा. मग सासऱ्यांचा रंगाचा कारखाना आहेच. ती वेळ येणारच नाही म्हणा.

९ मार्च
बुडबुडे! कालच्यापेक्षा जास्त! इतरांचे कॅटॅलिस्ट (क्रियेला वेग देणारे पदार्थ, माझ्या पुडीसारखे) वापरून वापरून दमतात, माझा तरुण होतोय. बायकोला सांगितलं. म्हणाली, थोडा मलाही लाव.

१३ मार्च
शेजारच्या टेबलावरचा शंकासुर (नाव मीच ठेवलंय) म्हणे, समोरच्या टोकाला प्लॅटिनमची तार कशाला, ग्राफाइटची कांडी लाव. जळतो. अरे, ती तार नुसतं सर्किट पूर्ण करते. लग्नातल्या लांबच्या काकांसारखी, हजेरीपुरती.
संकल्प: शंकासुराशी बोलणं बंद.

१३ मार्च, दुपार
बोललो. पक्कड त्याच्याकडे होती.

१८ मार्च
भाषणाचं शीर्षक ठरलं: 'प्लॅटिनमला रामराम'. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. छान वाटतं.
मॅडम म्हणाल्या, तारेची चमक गेलेली दिसतेय. मी म्हटलं, मत्सरानं. हसल्या नाहीत.

२२ मार्च
मॅडमचा नवा हट्ट. पूड न लावता नुसती कोरी जाळी चालवून बघा म्हणे. वेळेचा अपव्यय. पण मोठ्यांचं मन राखावं.

२४ मार्च
कोरी जाळीसुद्धा तरुण होतेय!! पूड नसताना! म्हणजे माझ्या पुडीचा गुण नुसत्या शेजारानं लागतो. आनंदाच्या भरात जिन्यात उडी मारली. पाय मुरगळला. हरकत नाही, बक्षीस घ्यायला लंगडत गेलं तरी चालतं.

२८ मार्च
कोऱ्या जाळीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. निकेल. आणि प्लॅटिनम. त्यांचं मशीन घाण असणार.

२८ मार्च, संध्याकाळ
मॅडम स्वतः टेबलाशी आल्या. तार काढली, शंकासुराची कांडी लावली. नवी जाळी, माझी पूड. वीज सोडली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. एक बुडबुडा आला. तो तुझा टेबलाला धक्का लागला म्हणून, शंकासुर म्हणाला.
तार इतके दिवस विरघळत होती आणि येऊन माझ्याच जाळीवर बसत होती. प्लॅटिनमला घालवायला निघालो होतो, आणि रोज त्याचाच मुलामा चढवत होतो. आधी खूप हसू आलं. मग फार वाईट वाटलं. शंकासुरानं चहा पाजला, त्यानं आणखीच वाईट वाटलं.

३१ मार्च
सासऱ्यांना फोन केला. त्यांनी विचारलं, जावईबापू, कारखान्यात तुम्हाला नेमकं काय जमेल?
म्हटलं, पातळ थर चढवण्याचा दांडगा अनुभव आहे.